नागासाकीत एक दिवस

नागासाकी हे नाव आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण ठाऊक असते ते एकाच दिवसापुरते. ९ ऑगस्ट १९४५, सकाळी अकरा वाजून दोन मिनिटे. हिरोशिमाच्या पाठोपाठ हे नाव घ्यायचे आणि पुढे जायचे, असा आपला प्रघात. प्रत्यक्षात हे साडेचारशे वर्षांचे जुने बंदर आहे, आणि त्यांपैकी दोनशेहून अधिक वर्षे युरोपच्या व्यापाऱ्याला जपानात पाय ठेवायला एवढी एकच जागा होती. ही आधीची हकीगत ज्याला माहीत नाही, त्याला त्या ऑगस्टच्या सकाळी काय गेले आणि कुणाचे गेले हेही पुरते उमगत नाही. म्हणून एका दिवसासाठी नागासाकीला जाणाऱ्याला माझे सांगणे असे, की बहुतेक प्रवासी करतात तसे सकाळी उठून थेट शांतता-उद्यानाकडे धावू नका. ते दुपारनंतरसाठी राखून ठेवा. आधी गाव पाहा.

गावाची ठेवण समजायला फार कष्ट नाहीत. आपल्या कोकणातल्या खाड्या डोंगरांत शिरतात ना, तशीच एक अरुंद पण खोल खाडी येथे क्यूशू बेटाच्या पश्चिम टोकाला आत घुसली आहे. तिन्ही बाजूंना डोंगर. वादळवाऱ्यात जहाज सुरक्षित उभे राहील अशी जागा. सपाट जमीन मात्र थोडी. म्हणून घरे डोंगराच्या उतारावर एकाच्या डोक्यावर एक चढत गेली आहेत, आणि कित्येक गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्याच. तळात ट्राम धावते. ही ट्राम १९१५ साली सुरू झाली. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद पडली, नागासाकीची अजून चालू आहे. भाडे सर्वत्र एकच, कुठेही चढा आणि कुठेही उतरा. शिवाय दिवसभराचा पासही मिळतो, तो घ्यावा. निळ्या खुणेची एक नंबरची गाडी लक्षात ठेवली, तर निम्म्याहून अधिक काम तिच्यावरच भागते.

पहिले ठिकाण रेल्वे स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे. निशिझाका नावाची ही लहानशी टेकडी आपल्या माणसाने चुकवू नये. कारण सांगतो.

१५४९ साली सेंट फ्रान्सिस झेवियर जपानात उतरला. त्याच्याबरोबर आंजिरो नावाचा एक जपानी होता, त्याचे शिक्षण आणि बाप्तिस्मा गोव्यात झालेला. पुढे १५७१ मध्ये ओमुरा सुमितादा या सरदाराने नागासाकीचे बंदर पोर्तुगीजांना खुले केले. सुमितादा स्वतः ख्रिस्ती झाला होता. मग गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी अशी जहाजांची वाट पडून गेली. या वाटेने रेशीम आले, तोफाबंदुका आल्या, पाद्री आले. १५८२ साली येथून चार जपानी मुले युरोपला पोपच्या भेटीस निघाली, तीही गोव्यावरूनच. परतताना त्यांतल्या हारा मार्तिन्यो नावाच्या मुलाने १५८७ साली गोव्यात लॅटिन भाषेत भाषण केले, आणि पुढल्याच वर्षी ते गोव्यातच छापून निघाले. जपानी मुलगा, लॅटिन भाषा आणि गोव्याचा छापखाना! आजही जपानी माणूस पावाला 'पान' म्हणतो आणि आपण 'पाव' म्हणतो. दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दापासून निघाले आहेत.

पण जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याला संशय येऊ लागला होता. आधी पाद्री येतात, मागून फौजा येतात, असे त्याच्या कानांवर घालण्यात आले. १५९६ साली एक स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले. त्या वेळच्या चौकशीतून आणि बोलाचालीतून हा संशय भडकला. क्योतोहून चोवीस ख्रिस्ती धरून आणले, वाटेत आणखी दोन भरीला पडले. त्यांच्या डाव्या कानांच्या पाळ्या कापल्या आणि कडाक्याच्या थंडीत सुमारे महिनाभर त्यांना चालवत नागासाकीला आणले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी याच टेकडीवर त्या सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारण्यात आले. वीस जपानी होते. सर्वांत धाकटा बारा वर्षांचा. उरलेल्या सहांपैकी चार स्पॅनिश होते आणि एक मेक्सिकोचा.

सहावा आपल्या वसईचा.

गोन्सालो गार्सिया हे त्याचे नाव. जन्म १५५७च्या सुमारास वसईला; बाप पोर्तुगीज, आई तिथलीच. त्या वेळी वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. चिमाजी अप्पांनी ती घेतली १७३९ मध्ये, म्हणजे पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी. जेझुइट पाद्र्यांबरोबर गोन्सालो तरुणपणीच जपानात गेला, तिथली भाषा शिकला, मग काही काळ मकावला व्यापार केला, आणि अखेर मनिलाला फ्रान्सिस्कन पंथात शिरला. १५९३ साली त्या पंथाचे लोक हिदेयोशीच्या दरबारी गेले तेव्हा त्यांचा दुभाषा हाच होता. विचार करण्यासारखी गोष्ट आहे. युरोपच्या माणसांचे म्हणणे जपानच्या सर्वसत्ताधीशापुढे मांडायला तोंड लागले ते वसईच्या माणसाचे! १८६२ साली रोमने या सव्वीस जणांना संतपद दिले. भारतात जन्मलेला पहिला संत तो हाच. वसईत आज त्याच्या नावाचे कॉलेज आहे, गास गावी चर्च आहे. निशिझाकावर १९६२ साली उभारलेल्या स्मारकात सव्वीस कांस्यमूर्ती एका रांगेत आहेत. शिल्पकार फुनाकोशी यासुताके. मूर्तींची पावले जमिनीला टेकलेली नाहीत, खाली लोंबती आहेत. माणसे उभी नसून वर उचलली गेली आहेत, असे वाटते. त्या रांगेत आपला गोन्सालो शोधावा. मागे एक लहानसे संग्रहालय आहे, तेही पाहून घ्यावे.

निशिझाकानंतरचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा, नाहीतर पुढची दोन ठिकाणे कळायची नाहीत. १६१४ साली साऱ्या जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. मग शिमाबाराचे बंड झाले, ते १६३८ मध्ये चिरडले गेले, आणि १६३९ साली पोर्तुगीजांना कायमचे हाकलले. जपानी माणसाने परदेशी जायचे नाही आणि परदेशी माणसाने जपानात यायचे नाही, असा कायदा झाला. कायद्याला अपवाद थोडे; त्यांतला मुख्य नागासाकी. येथे चिनी व्यापाऱ्यांना येऊ देत, आणि युरोपियनांपैकी एकट्या डचांना. त्यांना धर्म पसरविण्यात रस नव्हता, नफ्यात होता. हे जपानी सरकारला समजले आणि मानवले.

ट्रामने देजिमाच्या थांब्यावर उतरले की समोरच ती जागा आहे. जपानी पंख्याच्या आकाराचे हे कृत्रिम बेट खाडीत भर घालून १६३६ साली पुरे झाले, ते खरे तर पोर्तुगीजांना कोंडण्यासाठी. ते गेल्यावर १६४१ साली डचांना तिथे आणून ठेवले. क्षेत्रफळ अवघे पावणेचार एकर. गावाशी जोडणारा एकच पूल, त्यावर पहारा. आत दहा-पंधरा डच माणसे, वखारी, भाजीचा मळा, गुरे. बायकामुले आणायला मनाई. वर्षातून एखाद-दुसरे जहाज बटाव्हियाहून यायचे, एरवी खाडीकडे तोंड करून बसायचे. डच प्रमुखाला मात्र सुरुवातीला दरवर्षी नजराणे घेऊन शोगुनच्या भेटीला एदोपर्यंत, म्हणजे आजच्या तोकियोपर्यंत, जावे लागे. हे सारे दोनशेहून अधिक वर्षे चालले. एवढ्याशा भोकातून काय काय आत गेले, त्याला मात्र सुमार नाही. साखर गेली, काचसामान गेले, दुर्बिणी गेल्या, औषधे गेली, शरीरशास्त्राची पुस्तके गेली. असेच एक पुस्तक वाचून १७७४ साली सुगिता गेनपाकू आणि त्याच्या सोबत्यांनी त्याचे जपानी रूपांतर केले आणि जपानी वैद्यकाचे वळणच बदलले. १८२३ साली आलेला सीबोल्ट नावाचा जर्मन डॉक्टर तर नागासाकीत विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवू लागला.

आपल्याकडचा मालही या वाटेने जात होता, बरं का! डच जहाजांत कोरोमंडल किनाऱ्याचे आणि गुजरातचे छापील सुती कापड असे. जपानी लोक त्याला 'सारासा' म्हणत आणि त्याच्या चिंध्यादेखील जपून ठेवीत. उलट दिशेने जपानी तांबे निघे, ते सुरतेच्या बाजारात उतरे.

आज देजिमा हे बेट राहिलेले नाही. बंदर वाढविताना भोवती भराव पडत गेला आणि १९०४पर्यंत ते जमिनीत बुडून गेले. गेल्या काही दशकांत जुन्या नकाशांवरून आणि चित्रांवरून वखारी, प्रमुखाचे घर, स्वयंपाकघर हे सारे पुन्हा बांधून काढले आहे. नवे म्हणून कोणी नाक मुरडील. मी मुरडणार नाही. काम चोख आहे, आणि आत शिरल्यावर जागेचा कोंडमारा अंगाला जाणवतो. वर्णन वाचून तो कळत नाही. २०१७ साली जुन्या पुलाच्या जागी नवा पूल झाला. त्याचा भार गावाकडच्या काठावर घेतला आहे, बेटाच्या जुन्या दगडी कडेला धक्का लागू नये म्हणून!

तेथून तीच निळी ट्राम शेवटच्या थांब्यापर्यंत नेते. थांब्याचे नाव सोफुकुजी, आणि त्याच नावाचे चिनी मंदिर जवळच. १६२९ साली फूक्येन प्रांतातून आलेल्या व्यापाऱ्यांनी ते बांधले. मंदिरे बांधण्यामागे भक्ती होतीच, शिवाय आम्ही ख्रिस्ती नाही हा पुरावाही सरकारला दाखवायचा होता. लाल रंगाचे प्रवेशद्वार, आत आणखी एक कोरीव दार. या दुसऱ्या दाराचे लाकूडकाम चीनमध्ये तयार करून जहाजाने आणले आणि येथे जोडले. अंगणात एक अवाढव्य लोखंडी कढई आहे. १६८०नंतरच्या दुष्काळात उपाशी लोकांना पेज वाटण्यासाठी भिक्षूंनी ती ओतवून घेतली. सगळ्या कोरीवकामापेक्षा मला ती कढई अधिक पाहण्यासारखी वाटते.

मंदिरांच्या आळीतून दहा-पंधरा मिनिटे चालले की नाकाशिमा नदीवर मेगानेबाशी, म्हणजे चष्म्याचा पूल, लागतो. दोन कमानी आणि त्यांचे पाण्यातले प्रतिबिंब मिळून चष्मा दिसतो, म्हणून हे नाव. १६३४ साली एका चिनी भिक्षूने तो बांधला. जुलै १९८२ मध्ये भयंकर पाऊस होऊन शहरात सुमारे तीनशे माणसे दगावली, तेव्हा पुलाचेही दगड वाहून गेले. ते नदीतून हुडकून काढले आणि पूल पुन्हा उभा केला. पुराचे पाणी निघून जावे म्हणून दोन्ही काठांखाली वेगळे मार्ग खोदले.

एव्हाना पोटात कावळे ओरडू लागतात. येथले खाणे म्हणजे चानपोन. जाड शेवया, कोबी, डुकराचे मांस, कोळंबी, माकूळ हे सारे एकाच रश्श्यात. १८९९ साली एका चिनी खाणावळवाल्याने परगावी शिकणाऱ्या गरीब चिनी विद्यार्थ्यांसाठी हा स्वस्तातला भरपेट पदार्थ काढला. शाकाहारी माणसाची मात्र पंचाईत आहे. त्याने फळे आणि भात यांवर वेळ निभावावी. पोर्तुगीजांनी शिकविलेला 'कासुतेरा' हा केकही येथला प्रसिद्ध, पण त्यात अंडी असतात, हे सांगून ठेवतो.

जेवण झाल्यावर दक्षिणेकडे ओउराला जावे. १८५९ साली नागासाकी परदेशी व्यापाराला रीतसर खुले झाले आणि या चढावर परक्यांची वस्ती झाली. ग्लोव्हर नावाच्या स्कॉटिश व्यापाऱ्याचा १८६३ सालचा बंगला येथे आहे. जपानात उभ्या असलेल्या पाश्चात्त्य धर्तीच्या लाकडी घरांत तो सर्वांत जुना. 'मादाम बटरफ्लाय' या ऑपेराचे कथानक नागासाकीत घडते, म्हणून बागेत तिचाही पसारा मांडला आहे. त्या कथेचा या घराशी वास्तविक काही संबंध नाही. ओसरीवरून पलीकडच्या काठावरची गोदी तेवढी नीट पाहावी. दुसऱ्या महायुद्धातली मुसाशी ही प्रचंड युद्धनौका तिथेच बांधली, तीही काथ्याचे अवाढव्य पडदे लावून, कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून. बंदराचे गाव शस्त्रांचे गाव झाले होते, हे पुढे लागणार आहे.

बंगल्याखालीच ओउराचे चर्च आहे. फ्रेंच पाद्र्यांनी ते तहाच्या अटींप्रमाणे परदेशी रहिवाशांसाठी बांधले आणि निशिझाकाच्या त्या सव्वीस जणांना अर्पण केले. जपानी माणसाला ख्रिस्ती धर्म अजून बंदच होता. १७ मार्च १८६५ रोजी, म्हणजे चर्च उघडून जेमतेम महिना झाला असेल, उराकामी गावची पंधराएक शेतकरी माणसे दारात उभी राहिली. फादर पतीजाँ यांनी दार उघडून आत घेतले. त्यांतल्या एका बाईने जवळ येऊन हळूच सांगितले, की आमचेही मन तुमच्यासारखेच आहे. आणि मेरीची मूर्ती कुठे आहे, असे विचारले.

दोनशे पन्नास वर्षे! पाद्री नाही, चर्च नाही, पुस्तक नाही. दरवर्षी अधिकाऱ्यांपुढे येशूच्या किंवा मेरीच्या प्रतिमेवर पाय देऊन आपण ख्रिस्ती नसल्याचे दाखवायचे, आणि घरी येऊन क्षमा मागायची. गावातलाच एक माणूस बाप्तिस्मा देई, दुसरा सणावारांचे दिवस मोजी. बौद्ध कानोनची मूर्ती पुढे ठेवून मेरीची प्रार्थना करीत. सात पिढ्या हे असे चालले होते, आणि बाहेर कोणाला पत्ता नव्हता. अर्थात हे उघड होताच त्याची किंमत भरावी लागली. १८६८पासून उराकामीची सुमारे तीन हजार चारशे माणसे जपानभर हद्दपार केली; सहाशेहून अधिक परतली नाहीत. १८७३ साली बंदीच्या पाट्या उतरल्या आणि उरलेले घरी आले. घरी आल्यावर त्यांनी काय केले? गावच्या मुखत्याराची जागा, जिथे त्यांना दरवर्षी प्रतिमा तुडवावी लागे, ती विकत घेतली. तिच्यावर १८९५ साली विटांचे चर्च बांधायला घेतले. ते १९१४ साली पुरे झाले, मनोरे चढले १९२५ मध्ये.

आता ट्रामने उत्तरेला उराकामीकडे निघावे. ओउराहून गाडी बदलून अर्ध्या तासाच्या आतबाहेर लागतो. अणुबाँब-संग्रहालयात निदान साडेतीनपर्यंत पोहोचावे, म्हणजे घाई होत नाही.

१९४५च्या त्या दिवशी विमान निघाले होते ते कोकुरा शहरावर बाँब टाकण्यासाठी. तिथे धूर आणि धुके, खालचे दिसेना. म्हणून ते नागासाकीवर वळले. येथेही ढग होते. बाँब ठरल्या जागी, गावाच्या मध्यभागी, न पडता उत्तरेच्या उराकामी खोऱ्यावर पडला. खोऱ्यात युद्धसामग्रीचे कारखाने होते आणि कामगारांची घरे होती. जमिनीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर तो फुटला. शहराची वस्ती दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास. वर्षअखेरपर्यंत सुमारे ७४ हजार माणसे मेली. मधल्या डोंगरामुळे जुन्या गावाला आडोसा मिळाला. दिवसभर आपण जी मंदिरे, पूल, चर्च पाहिले ते उभे राहिले, ते या डोंगराच्या कृपेने. खोऱ्यात मात्र काही उरले नाही. उराकामीचे चर्च स्फोटाच्या जागेपासून अवघ्या ५०० मीटरांवर. आत पापनिवेदनासाठी जमलेली माणसे आणि दोन पाद्री जागीच गेले. त्या चर्चचे सुमारे बारा हजार लोक होते, त्यांतले साडेआठ हजार मेले. अडीचशे वर्षे लपून राहिलेले, हद्दपारीतून परत आलेले, ज्यांच्या आज्या ओउराच्या दारात उभ्या राहिल्या होत्या, तेच हे लोक.

संग्रहालयात अकरा-दोनला थांबलेले भिंतीवरचे घड्याळ आहे, वितळलेल्या काचा आहेत. त्यांविषयी अधिक बोलत नाही. शांतता-उद्यानातला कितामुरा यांचा ९.७ मीटर उंचीचा कांस्यपुतळा १९५५ सालचा. एक हात आकाशाकडे, दुसरा आडवा. तो प्रसिद्ध आहे, पण मला विचाराल तर खालच्या बागेत, जिथे बाँब फुटला त्या बिंदूवर, काळ्या दगडाचा साधा खांब आणि शेजारी चर्चच्या भिंतीचा आणून उभा केलेला तुकडा आहे, तो अधिक बोलतो. चर्च १९५९ साली त्याच जागी पुन्हा बांधले. जुन्या वेदीवरच्या मेरीच्या लाकडी मूर्तीचे जळके मस्तक आत ठेवले आहे. डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा. दोन मनोऱ्यांतल्या दोन घंटांपैकी एक ढिगाऱ्यातून शाबूत निघाली होती, दुसरी फुटली. तिच्या जागी अमेरिकेतल्या कॅथलिकांनी वर्गणी करून नवी घंटा दिली, आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी अकरा-दोनला दोन्ही घंटा ऐंशी वर्षांनी प्रथमच एकत्र वाजल्या. वाचलेल्यांची जी देशव्यापी संघटना १९५६ साली नागासाकीतच स्थापन झाली, तिला २०२४ सालचे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले.

पाय दुखत नसतील तर आणखी थोडे चालून सान्नो मंदिराची एकपायी कमान पाहावी. दगडी कमानीचा स्फोटाकडचा अर्धा भाग उडाला, उरलेला एका खांबावर तसाच उभा आहे. जवळचे कापराचे दोन मोठे वृक्ष जळून कोळसा झाले होते. ते पुन्हा पालवले, आणि आज त्यांच्या सावलीत बसता येते.

संध्याकाळी खाडीपलीकडच्या इनासा डोंगरावर जायला दोरीवरचा पाळणा आहे. उंची ३३३ मीटर. अंधार पडण्याच्या जरा आधी वर पोहोचावे, म्हणजे आधी ठेवण दिसते आणि मग दिवे. उजवीकडे खाडीचे तोंड आणि त्यावरचा पूल. पोर्तुगीज जहाजे शिरली ती तिथूनच. समोर जुने गाव. डावीकडे उराकामीचे खोरे. या दोहोंच्या मधे तो डोंगर. त्याच्या अंगावर दिवे कमी, त्यामुळे रात्रीही तो काळा, वेगळा ओळखू येतो. वर वारा बोचरा असतो, उन्हाळ्यातसुद्धा अंगावर काहीतरी घ्यावे. खाली उतरायला उशीर करू नये, कारण ट्राम रात्री अकराच्या सुमारास बंद होते.